बिबट्याची वाट कचराकुंडीवरून जाते

आमच्या मागच्या गल्लीत रात्री अकरानंतर नऊ कुत्री असतात. नऊच्या नऊ मला ओळखता येतात. गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान आहे. दुकान बंद करताना पिसं, पंजे आणि आतडी भरलेली काळी पिशवी कुंडीच्या शेजारी ठेवली जाते, कारण कुंडी तोवर भरून वाहत असते. आजूबाजूच्या चार इमारतींमधला शिळा भात, पोळ्या, माशांची डोकी हेही सगळं तिथेच येतं. सकाळी सातला कचऱ्याची गाडी येते. म्हणजे रोज रात्री आठ तास ही कुंडी उघडी खानावळ असते.

मुलुंड पश्चिमेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीपासून चालत दहा मिनिटांवर आम्ही राहतो. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी आठच कुत्री दिसली. वॉचमनकाकांनी मला केबिनमध्ये बोलावून सीसीटीव्हीचं चित्रीकरण दाखवलं. रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं झालेली. कुत्री एकदम उठून उभी राहतात, सगळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे. भिंतीवर एक लांबट आकार दिसतो आणि तो खाली ओघळतो. उडी मारली असं म्हणवत नाही, इतकं ते अलगद होतं. आठ कुत्री चहूकडे पांगतात. नववं कुंडीच्या कोपऱ्यात अडकतं. हे सगळं चौदा सेकंदांत आटोपतं, आणि मग पडद्यावर फक्त ती फाटलेली काळी पिशवी वाऱ्यावर हलत राहते.

आठ वाजेपर्यंत ते चित्रीकरण सोसायटीच्या ग्रुपवर पोचलं होतं आणि नऊ वाजेपर्यंत "वनखात्याला फोन करा, पिंजरा लावायला सांगा" असे चाळीसेक निरोप येऊन पडले होते. आमच्याच मजल्यावर चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या आईने त्या संध्याकाळी तिला खाली खेळायला सोडलं नाही. मी तिच्या जागी असते तर मीही सोडलं नसतं. ती भीती खोटी नाही. पण पिंजरा लावून ती जाईल का, हे समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: तो बिबट्या इथे आला कशाला?

शहर हीसुद्धा एक परिसंस्था आहे, असं शास्त्रज्ञ म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. कोणत्याही प्राण्याला जगायला तीन गोष्टी लागतात: पोटाला अन्न, लपायला आणि पिल्लं वाढवायला आडोसा, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला वाट. या तिन्ही जिथे मिळतील तिथे तो राहतो. हे आपण बांधलं आहे की आपोआप उगवलं आहे, हे तो बघत नाही.

कबुतराचंच बघा. त्याचे रानटी पूर्वज कड्याकपारींत घरटी करायचे. त्याला लागते ती अरुंद, सपाट, उंचावरची जागा, जिथे मांजर पोचणार नाही. आपण एसीचं बाहेरचं यंत्र ठेवायला जो कट्टा काढतो तो नेमका तसाच असतो. आपल्या लेखी तो वीस मजली टॉवर, कबुतराच्या लेखी वीस कपारींचा कडा. त्यात आयते दाणे मिळाले की वर्षभर अंडी घालायला त्याला काही अडचण उरत नाही. सुकलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ फुप्फुसांना बाधते, काहींना त्यातून कायमचा आजार होतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा केवढं वादळ उठलं ते आपण पाहिलं. श्रद्धा आणि आरोग्य या दोन बाजूंनी माणसं भांडत होती. कबुतरांची संख्या दाण्यांवर ठरते, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच पडला.

कोकिळेची गोष्ट मात्र मला फार आवडते. एप्रिल-मेमध्ये पहाटे चारपासून मुंबई-पुण्यात जो "कुहू" सुरू होतो तो गाणारा नर, कोकीळ. मादी गात नाही. ती ठिपक्याठिपक्यांची, पानांत लपून राहणारी, आणि तिचं लक्ष कावळ्याच्या घरट्यावर. ती स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि पिल्लू कावळेच वाढवतात. म्हणजे शहरात कोकीळ गायचा तर कावळे हवेत. कावळ्यांना घरटं बांधायला झाडं हवीत आणि खायला उकिरडा हवा. ते दोन्ही आपण पुरवतो. आपल्या खिडकीतल्या त्या पंचमाच्या मुळाशी कुठेतरी कचऱ्याचा ढीग असतो. हे कळल्यावर मला तो आवाज कमी गोड वाटला नाही. शहरातलं सगळं कसं एकमेकांत अडकलेलं आहे, ते मात्र पहिल्यांदा नीट समजलं.

या साखळीतली एक कडी निसटली की काय होतं, तेही आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. मेलेल्या गुराढोरांची विल्हेवाट पूर्वी गिधाडं लावायची. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९९०च्या दशकापासून पंधरा-वीस वर्षांत देशातली गिधाडं शेकडा नव्वदहून जास्त कमी झाली. मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचे अंत्यविधी गिधाडांवर अवलंबून होते, तिथलंही आकाश रिकामं झालं. २००६मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर फार उशीर झाला होता. गिधाडं गेली म्हणून मेलेली जनावरं पडायची थांबली नाहीत. ते अन्न कुत्र्यांना मिळालं, कुत्री वाढली, आणि त्यांच्यामागोमाग रेबीजचा धोकाही वाढला. उकिरड्यावरची जागा कधी रिकामी राहत नाही. एक गेला की दुसरा येतो, आणि येणारा आपल्याला मानवेलच असं नाही.

आता पुन्हा बिबट्याकडे येऊ.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, भांडुप, ठाणे, घोडबंदर अशी चहूबाजूंनी वस्ती. २०११च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला वीस हजारांवर माणसं होती. अशा ठिकाणी जंगल टिकलंच कसं? याचं मोठं कारण पाणी आहे. विहार तलाव १८६०मध्ये आणि तुळशी तलाव १८७९मध्ये पूर्ण झाला. शहराला पाणी पाजायचं तर तलावाभोवतीचा डोंगर राखणं भाग होतं, म्हणून तिथे वस्ती होऊ दिली नाही. आजही मुंबईच्या सात तलावांत हे दोन मोडतात. आपण पाणी राखलं, त्यासोबत झाडं राहिली, चितळं-सांबरं राहिली आणि बिबटेही राहिले.

किती? बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. वाटेवर दोन्ही बाजूंना कॅमेरा ट्रॅप लावले की जाता-येता त्याचा फोटो निघतो आणि ठिपक्यांवरून कोण कोणता ते ओळखता येतं. २०१५च्या मोजणीत या उद्यानात आणि लगतच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८मध्ये ४७ आणि २०२४मध्ये ५४. जगात बिबट्यांची इतकी दाटी फार थोड्या ठिकाणी आहे.

एवढ्याशा जंगलात इतके बिबटे पोट कसं भरतात? आत चितळ, सांबर, माकडं, रानडुकरं आहेतच. पण काठावर कुत्री आहेत. मुंबईत रोज साडेसहा हजार टनांच्या आसपास कचरा निघतो. त्यातला ओला भाग जिथे उघडा पडतो तिथे कुत्री जमतात, आणि कुत्रं ही बिबट्यासाठी अगदी बेतशीर शिकार आहे. वजन झेपणारं, शिंगं नाहीत, खूर नाहीत, आणि रोज त्याच जागी झोपणारं. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो सगळा उसाचा आणि शेतीचा पट्टा, मोठं जंगल नाही. तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के. शेळ्या त्याच्या बऱ्याच खाली.

मुंबईबद्दल २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असा अंदाज मांडला आहे की इथले बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात, आणि त्यामुळे वर्षाला हजारेक माणसं कुत्रं चावण्यापासून वाचतात. उद्यानालगत कुत्र्यांची दाटी शहराच्या इतर भागांपेक्षा बरीच कमी असल्याचंही त्यात दाखवलं आहे. हा अंदाज आहे, हिशेब मांडून काढलेला. पण त्याची दिशा मला पटते. आपण ज्याला नुसता धोका म्हणून बघतो तो एका दुसऱ्या धोक्यावर दाबही ठेवून असतो.

हे सांगून मला बिबट्याला देवदूत ठरवायचं नाही. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीत, उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत एका सोळा महिन्यांच्या बालिकेचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. त्याआधीच्या वर्षीही आरेत बरेच हल्ले झाले होते. उसाच्या पट्ट्यात, जुन्नर-शिरूरकडे, माणसं गेली आहेत, त्यात लहान मुलं आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घराला परिसंस्थेची साखळी समजावून सांगायला कुणी जाऊ नये. मी हे लिहिते आहे ते पुढचं मूल वाचावं म्हणून. आणि त्यासाठी पिंजऱ्याबद्दल स्पष्ट बोलणं भाग आहे.

जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या तीन वर्षांत शंभराहून जास्त बिबटे पिंजरे लावून पकडले गेले. त्यातले बरेच दुसरीकडच्या जंगलांत नेऊन सोडले. हेतू चांगलाच होता. गावाजवळ बिबट्या नको, तर त्याला "त्याच्या घरी" जंगलात सोडावं. पण आकडे उलटे निघाले. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले व्हायचे, ते या काळात वर्षाला सतरावर गेले. शिवाय जिथे बिबटे नेऊन सोडले तिथे आसपासच्या गावांतही हल्ले होऊ लागले.

असं का झालं, हे कळायला बिबट्याची हद्द समजून घ्यावी लागते. प्रौढ बिबट्या स्वतःचा इलाखा राखून असतो. झाडांवर ओरखडे काढून, मूत्राच्या वासाने तो इतरांना कळवतो की ही जागा माझी आहे. त्या इलाख्यातली माणसं कधी उठतात, कुठली वाट रात्री मोकळी असते, कुठल्या गल्लीत कुत्री झोपतात, हे त्याला पिढीजात गावकऱ्यासारखं माहीत असतं. म्हणूनच तो वर्षानुवर्षं आपल्या नजरेला पडत नाही. अशा जुन्या, शहाण्या बिबट्याला उचलून नेलं की दोन गोष्टी होतात. इकडे इलाखा रिकामा पडतो आणि जागा शोधत फिरणारा एखादा तरुण नर त्यात शिरतो. त्याला इथली काहीच माहिती नसते. तिकडे, जिथे त्याला सोडलं, तिथे तो पिंजऱ्यात जखमी झालेला, बिथरलेला, दुसऱ्याच्या हद्दीत उपरा होऊन बसतो. दोन्ही ठिकाणी माणसाशी गाठ पडायची शक्यता वाढते.

मुंबईतही त्या वर्षांत पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते. २००२ ते २००४ या काळात इथले हल्ले वाढत गेले आणि २००४चा जून महिना तर इतका भयंकर गेला की मुलुंड-भांडुपकडची जुनी माणसं अजून त्याबद्दल आवाज खाली आणून बोलतात.

शिवाय नेऊन सोडलेला बिबट्या सोडल्या जागी राहतोच असं नाही. २००९मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं होतं. वयाने मोठा म्हणून त्याला "आजोबा" म्हणत. तो चालत निघाला. रस्ते, रेल्वेचे रूळ, शेतं, वस्त्या ओलांडत, वसईची खाडी पार करून महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापत तो मुंबईच्या या उद्यानात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला बोट लावलं नाही. तो गेला हे कुणाला कळलंसुद्धा नाही, कळलं ते फक्त उपग्रहाला. २०११मध्ये घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. हे वाचून मला अजून वाईट वाटतं.

मग काय करायचं? हल्ले कमी कशाने झाले, ते पाहू. २०११च्या सुमारास उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये, विद्या अत्रेय आणि मुंबईतले काही हौशी निसर्गप्रेमी यांनी मिळून वेगळी सुरुवात केली. पिंजरे लावण्यावर लगाम आला. वनखात्याची माणसं आणि स्वयंसेवक वस्त्यांत, पाड्यांत, सोसायट्यांत, पोलीस ठाण्यांत जाऊन बोलू लागले. पत्रकारांसाठी खास बैठका झाल्या, कारण "नरभक्षक बिबट्याची दहशत" असा मथळा आला की दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यासाठी मोर्चा येतो, हे त्यांना ठाऊक होतं. बिबट्या दिसला ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही, तो इथेच राहतो, हे समजावायला वेळ लागला. २०१३नंतर काही वर्षं मुंबईत बिबट्याच्या हल्ल्यात एकही माणूस दगावला नाही. बिबटे तेवढेच होते, किंबहुना वाढत होते.

यातली बहुतेक कामं ऐकायला अगदी किरकोळ वाटतात. कचरा रात्री उघडा राहू नये. वाटेवर दिवा असावा. अंधार पडल्यावर लहान मुलाला एकटं बाहेर पाठवू नये. आणि संडास घराजवळ असावा.

शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व मला एका मावशींमुळे कळलं. आरेतल्या एका पाड्यावरून त्या पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कर्टुली अशा रानभाज्या घेऊन आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावर बसतात. पाड्यावर बिबट्याला सगळे वाघच म्हणतात. मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे वाघ येतो का हो?" कर्टुली तोलता तोलता त्या म्हणाल्या, "वाघाचं काय विचारता ताई, तो तर आमच्या आजेसासऱ्यापासून येतो. आमचा संडास लांब आहे, ते कुणी विचारत नाही. पोरगी रात्री उठली की मला बॅटरी घेऊन सोबत जावं लागतं. दिवा लावून द्या म्हणून सांगून सांगून थकलो." मग माझ्या पिशवीत चार कर्टुली जास्तीची टाकून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

त्यांच्या बोलण्यात जे आलं तेच अभ्यासकही सांगतात. बिबट्या उभ्या, मोठ्या माणसाला सहसा टाळतो. पण उघड्यावर ओणवं बसलेलं माणूस किंवा अंधारात एकटं चालणारं लहान मूल हे त्याला उंचीने आणि आकाराने त्याच्या नेहमीच्या शिकारीसारखं दिसतं. हल्ल्यांच्या नोंदी पाहिल्या तर मुलं, संध्याकाळ आणि रात्र, आणि उघड्यावर जाणं या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. घराला लागून संडास आणि त्याच्यापर्यंत उजेड ही बिबट्यापासून संरक्षणाची मोठी सोय आहे. माझ्यासारख्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईला बिबट्या सीसीटीव्हीत दिसतो, त्या मावशींना तो वाटेवर भेटू शकतो. धोका सगळ्यांना सारखा वाटून आलेला नाही, आणि पैसा आधी कुठे खर्च व्हायला हवा हे त्यातूनच ठरतं.

या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. शेंदूर फासलेला दगड किंवा लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वारली लोक त्याला देव मानतात. अकोल्याकडे महादेव कोळी समाजात दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, त्या दिवशी गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरं सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात. देव मानल्याने हल्ला टळतो असा माझा दावा नाही. पण ज्या समाजाने "हा इथे आहे आणि राहणार" हे आधीच मनात धरलेलं असतं, तो रात्री बॅटरी घेऊन निघतो, गोठ्याला दार लावतो, घोळका करून जातो. सावधपणा त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. आपल्या सोसायट्या मात्र रान संपलं असं धरून चाललेल्या असतात, म्हणून एका चित्रीकरणाने हादरतात.

अजून एक गोष्ट, आणि ती थेट आपल्या, म्हणजे गर्दीच्या हातात आहे. ९ डिसेंबर २०२०ला सकाळी पुण्यात कोथरूडला एक रानगवा शिरला. माहिती पसरली तशी शेकडो माणसं जमली. मोबाईल वर, आरडाओरडा, पाठलाग. गवा गल्ल्यागल्ल्यांतून, गेटांवर धडका देत पळत राहिला, रक्तबंबाळ झाला. काही तासांनी त्याला भूल देऊन पकडलं आणि त्यानंतर लगेच तो मेला. घाबरलेलं मोठं जनावर खूप वेळ जिवाच्या आकांताने पळालं की त्याचे स्नायू आतून मोडू लागतात, शरीर तापतं, हृदय साथ सोडतं. त्याला कुणी मारलं नाही, आणि तरी ते आपल्यामुळे मेलं. दोन आठवडेही उलटले नाहीत तोच बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला. या वेळी वनखात्याने आणि पोलिसांनी आधी माणसं हटवली, रस्ता रोखला, गव्याला डोंगराकडची बाजू मोकळी ठेवली. तो आला तसा परत गेला. तेच शहर, तेच खातं, तोच प्राणी. पहिल्या वेळी त्याला वाट मिळाली नाही, दुसऱ्या वेळी मिळाली, एवढाच फरक.

वन्यप्राणी दिसला तर १९२६ हा वनखात्याचा मदत क्रमांक आहे. फोन करा, लांब थांबा, त्याला निघायला एक बाजू मोकळी ठेवा, आणि ठिकाण सांगणारं चित्रीकरण लगेच पसरवू नका. गर्दी ग्रुपवरच्या निरोपांनीच जमते.

वाटेचा मुद्दा रस्त्यांनाही लागू आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे कोर्टकचेऱ्या आणि मोठ्या आग्रहानंतर रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली, आणि त्या वाटेने वाघ, रानकुत्री, चितळं जाताना कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. मुंबईचं उद्यान आणि खाडीपलीकडचं तुंगारेश्वर अभयारण्य यांच्यामध्ये महामार्ग आणि रेल्वे आहे. आजोबा जिथे मेला त्या बाजूला अशी वाट झाली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रत्येक वेळी हिशेब इतका सरळ नसतो, हेही सांगायला हवं. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात हजारोंनी येणारे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चिखलातलं शेवाळ खाऊन जगतात. ते शेवाळ इतकं माजण्यात शहराच्या सांडपाण्याचा हात आहे. म्हणजे ती गुलाबी नक्षी काही अंशी आपल्या घाणीवर पोसलेली आहे, आणि हीच घाण आणखी वाढली तर त्यांचं अन्नही संपेल. २०१५मध्ये ती खाडी अभयारण्य झाली, २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे जपण्याजोगी पाणथळ जागा म्हणून तिला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. आणि २० मे २०२४च्या रात्री घाटकोपरवर विमानाची धडक बसून जवळजवळ चाळीस रोहित पडले. पाणी स्वच्छ झालं तर कदाचित रोहित कमी येतील. तरीही पाणी स्वच्छ व्हायला हवं, असं माझं मत आहे, कारण त्या खाडीवर कोळ्यांची मासळी आणि कांदळवनाचं सगळं जगणंही अवलंबून आहे. अशा वेळी सोपं उत्तर देता येत नाही.

आमच्या गल्लीचं उत्तर मात्र सोपं होतं. वनखात्याचे एक अधिकारी येऊन सोसायटीच्या गच्चीवर दीड तास बोलले. पिंजरा लागला नाही. काही सभासद अजून त्यावर नाराज आहेत. चिकनच्या दुकानदाराने झाकणाचा निळा पिंप घेतला आणि तो रात्री आतच ठेवतो. आम्ही ओला कचरा रात्रीऐवजी सकाळी साडेसहाला खाली आणायचं ठरवलं. पहिले पंधरा दिवस निम्मी घरं विसरायची, मग हळूहळू सवय झाली. मागच्या भिंतीजवळचा बंद पडलेला दिवा दुरुस्त करायला तीन अर्ज लागले. मुलं आता सातच्या आत वर येतात, आणि वर येताना मोठी मुलं लहानांना पुढे घालून आणतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, ते त्यांनी आपणच ठरवलं.

गल्लीत आता दोन कुत्री झोपतात. बाकीची सहा रस्त्यापलीकडच्या इमारतीच्या कुंडीपाशी गेली आहेत, मी रात्री गॅलरीतून मोजते. तिथली कुंडी अजून उघडी आहे आणि तिच्यामागे मुलांची घसरगुंडी आहे. त्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी रविवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे. वॉचमनकाका ते चौदा सेकंदांचं चित्रीकरण फोनवर घेऊन माझ्यासोबत येणार आहेत.